आत्या म्हणली, फॉर्म भरून ठेव

मला नीटला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला, दुसऱ्या वर्षी ७२० पैकी ४४७ पडले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा पोरगा सेवाभाव मनात धरून नर्सिंगला गेला असं कुणाला वाटायला नको. मार्क पडले नाहीत म्हणून गेलो. निदान सुरुवात तरी तिथूनच झाली, पुढचं पुढं.

गाव परभणी जिल्ह्यात, घरी साडेचार एकर, सोयाबीन आणि बांधाला तूर. दहावीला ९४ टक्के पडले आणि तेव्हापासून मी घरातल्या घरात डॉक्टर. आजीचे गुडघे दुखले की ती मला सांगायची, शेजारच्या काकू रिपोर्टचा कागद घेऊन यायच्या, मला त्यातलं हिमोग्लोबिन सोडून काही कळायचं नाही पण मी तोंड गंभीर करून बघायचो. बारावीसोबत २०२३ ला पहिली नीट दिली, ३१८. मग ड्रॉप, म्हणजे वर्षभर दुसरं काही न करता परत नीटचाच अभ्यास, आणि त्याच्या क्लाससाठी लातूर.

लातूरचं ज्यांनी बघितलंय त्यांना काय सांगायचं, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळत नाही. कॉट बेसिसवर खोली, चार पोरं, मेसची वरण-पोळी, टेस्ट, टेस्टची रँक, परत टेस्ट. बायो माझं चांगलं होतं, एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळ न ओळ पाठ, कोणत्या पानावर कुठली आकृती आहे ते झोपेत सांगितलं असतं. केमिस्ट्री बरी. फिजिक्स मात्र कधी बसलंच नाही. माझा रूम पार्टनर रोटेशनल मोशनचा प्रश्न बघून हसायचा आणि मला घाम फुटायचा, एवढाच आमच्यातला फरक, पण नीटमध्ये तेवढा फरक म्हणजे दीडशे मार्क.

त्या वर्षी दिवाळीला आत्या आली होती. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका, आमच्याकडं सगळे सिस्टरच म्हणतात. सव्वीस वर्षं नोकरी झालीय तिची. तिनं मला गच्चीवर नेऊन विचारलं, किती येतील? मी म्हणलं साडेपाचशेच्या पुढं. ती म्हणली, खरं सांग. मी म्हणलं साडेचारशे. मग म्हणली, "बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी, वेगळी असती, तिचा फॉर्म भरून ठेव. फॉर्म भरल्यानं काय पोट दुखत नाही."

मला लई राग आला. मी दिवसाला चौदा तास अभ्यास करायलोय आणि ही म्हणतीय नर्स हो. वर मी पोरगा. आमच्या वर्गात एकजण चेष्टेत दुसऱ्याला "ओ ब्रदर, सुई आणा" म्हणला होता तर दोघांची मारामारी झाली होती, म्हणजे विचार करा. पण पुढं फॉर्म सुटला तेव्हा भरला. रात्री, रूमवरचे झोपल्यावर, मोबाईलची ब्राइटनेस कमी करून. का भरला माहीत नाही. टेस्टची रँक बघून भीती वाटली असंल.

५ मे २०२४ ला नीट झाली. बाहेर आलो तेव्हाच कळलं होतं मला, पप्पांना मात्र म्हणलं चांगला गेला. पप्पा शाळेच्या गेटबाहेर लिंबाखाली तीन तास वीस मिनिटं थांबले होते, पाण्याची बाटली तशीच भरलेली, त्यांना काय सांगणार. नंतर नर्सिंगची सीईटी पण दिली, १०० मार्कांचा पेपर, फिजिक्स केमिस्ट्री बायो इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीटच्या मानानं पेपर इतका सोपा वाटला की मला अपमान झाल्यासारखं झालं.

निकाल १४ जूनला लागणार होता तो अचानक ४ जूनलाच लावला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी. गावात टीव्हीपुढं सगळे मतं मोजायलेत आणि मी मागच्या खोलीत साईट रिफ्रेश करायलोय. ४४७. क्वालिफाय. आता गंमत अशी की क्वालिफाय या शब्दाचा अर्थ गावात पास असाच होतो, त्या वर्षी तर ओपनचा कट-ऑफ पण १६४ च्या आसपासच होता, त्यामुळं संध्याकाळपर्यंत चार जणांनी आईला पेढे मागितले. आईनं वाटले पण.

मग तो सगळा गोंधळ. ६७ जणांना ७२० पैकी ७२०, ग्रेस मार्क, पेपरफुटी, १,५६३ पोरांची परत परीक्षा, सुप्रीम कोर्ट. आमच्या ग्रुपवर दिवसाला हजार मेसेज. खरं सांगतो, मी रोज देवाला म्हणायचो, रद्द होऊ दे. न्याय बिय काही नाही, मला फक्त अजून एक चान्स पाहिजे होता. २३ जुलैला कोर्टानं परीक्षा रद्द करायला नकार दिला तेव्हा ज्यांना खरोखर चांगले मार्क होते ते सुटले, आणि आम्ही जे मधेच लटकलेलो होतो त्यांना आता ठरवणं भाग होतं.

पर्याय असे होते, म्हणजे घरात रोज रात्री जेवताना मांडले जायचे. दुसरा ड्रॉप. प्रायव्हेट एमबीबीएस, म्हणजे मॅनेजमेंट कोटा, तो आकडा ऐकून पप्पा नुसतं हसले. परदेश, त्याच्यासाठी लातूरला एका हॉटेलात सेमिनार होता, चहा-बिस्किट आणि उझबेकिस्तान. तिथला माणूस सगळं बोलला पण परत आल्यावर जी एफएमजीई परीक्षा द्यावी लागते तिच्यात पाचातला साधारण एकच पास होतो हे बोलला नाही, ते मी नंतर मोबाईलवर बघितलं. आणि प्रायव्हेट बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टरकी. मामांचा सगळा जोर बीएएमएसवर. "निदान नावाम्होरं डॉक्टर तर लागंल, नर्स म्हणून पत्रिकेत छापायचं का." मामांना माझ्या लग्नपत्रिकेची काळजी माझ्यापेक्षा जास्त होती, आणि पोरगी कोण देणार हे वाक्य तर त्या महिन्यात मी वीस वेळा ऐकलं.

आणि नर्सिंग. ते फक्त आत्या बोलायची, ते पण फोनवर.

तेवढ्यात जुलैच्या शेवटी आबांना, माझ्या आजोबांना, लकवा मारला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं, गिळता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, पप्पांना फवारणीची कामं, आईला घर, म्हणून सोबत मी. अकरा दिवस होतो. ठरवलं काय असंल तर त्या अकरा दिवसांत ठरलं, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

वॉर्डात रात्रीला एकच सिस्टर, सोबत एक शिकाऊ, आणि पेशंट मी मोजले ते ५२, काही खाली गाद्यांवर. नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर अशा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तीन पेशंटमागं एक नर्स पाहिजे असं मी पुढं फर्स्ट इयरला शिकलो तेव्हा वर्गात मोठ्यानं हसलो होतो, मॅडमनी उभं केलं. तर त्या सिस्टरला सगळ्यांकडं बघणं शक्यच नव्हतं, म्हणून ती नातेवाइकांना कामाला लावायची. पहिल्याच रात्री मला म्हणली, शिकलेला दिसतोस, इकडं ये. आबांच्या नाकात नळी घातलेली होती, त्यातनं पातळ खायला कसं द्यायचं ते तिनं एकदाच दाखवलं. आधी डोक्याकडची बाजू उचलायची, नळी पोटातच आहे का ते सिरिंजनं थोडं ओढून बघायचं, मग सिरिंज उभी धरून हळूहळू सोडायचं, दाबायचं नाही, ते आपोआप उतरतं, शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. "ढकललंस तर छातीत जाईल, मग मला नको बोलू." आणि दर दोन तासाला कूस बदल, पाठ बघ, लाल दिसली की सांग.

मी मोबाईलला दोन-दोन तासाचे अलार्म लावले. मागं फिजिक्सच्या रिव्हिजनसाठी लावायचो तसे. वहीत लिहायला लागलो, किती वाजता किती दिलं, लघवीच्या पिशवीत किती जमलं. कुणी सांगितलं नव्हतं, सवयच लागली होती लातूरला सगळं लिहायची. पाचव्या रात्री बघितलं तर चार तासांत पिशवी जिथल्या तिथं, ३५० वरच. जाऊन सिस्टरला सांगितलं. ती आली, चादर उचलली, नळी मांडीखाली दबून मुडपलेली होती. सरळ केली तर बदाबदा पिशवीत उतरलं, आणि तासभर कण्हत असलेले आबा दोन मिनिटांत शांत. आम्ही सगळे समजत होतो डोकं दुखतंय. सिस्टर काही शाबासकी बिबासकी देत बसली नाही, तिला पुढच्या बेडला सलाईन लावायचं होतं, जाता जाता एवढंच म्हणली, "वही दाखव तुझी." आणि वहीतले आकडे बघून आबांच्या चार्टवर उतरवून घेतले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. ४४७ च्या निकालानंतर पहिल्यांदा काहीतरी बरोबर आल्यासारखं वाटलं होतं.

त्याच वॉर्डात एक इंटर्न होता, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी दवाखान्यात काम करणारा शिकाऊ डॉक्टर. रात्री तीनला बाहेरच्या टपरीवर भेटायचा, रक्ताच्या ट्यूबा लॅबला देऊन परत येताना. मी त्याच्याकडं असं बघायचो जसं काय देवच. एकदा धाडस करून सांगितलं, सर, माझी नीट अशी झाली. तो हसला, म्हणला माझी पण नीटच चाललीय की. त्याची नीट पीजी, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाची परीक्षा, २३ जूनला होती, ती आदल्या रात्री पुढं ढकलली, आता ११ ऑगस्टला होणार होती, आणि तो ड्युटी करून वरनं एमसीक्यू सोडवत होता, सेम माझ्यासारखी डोळ्याखाली काळी वर्तुळं. म्हणला, "एमबीबीएस झालं म्हणजे बारावी झाल्यासारखं आहे आता. पुढं पीजी नसलं तर लोक विचारतात, नुसतं एमबीबीएस का?" मी विचारलं, मग मी काय करू? त्यानं सल्ला दिला नाही, चहाचे पैसे दिले फक्त. पण एक विचारलं, "तुला यातलं नक्की काय आवडतं? रोगाचं निदान आवडतं का पेशंट आवडतो?" मला उत्तर आलं नाही. बायो आवडते म्हणलो, तो परत हसला.

खरंच सांगतो, इतकी वर्षं मी डॉक्टर व्हायचं म्हणत होतो आणि डॉक्टर दिवसभर नेमकं काय करतो हे मला माहीत नव्हतं. नर्स काय करते ते तर आत्या घरात असून माहीत नव्हतं. मला वाटायचं सुई टोचते आणि डॉक्टरचं ऐकते.

आबांना घरी आणलं त्या दिवशी आत्या आली आणि तिनं पप्पांपुढं वही घेऊन हिशोब मांडला. ती काही गोड बोलली नाही हे मला आवडलं. म्हणली, सरकारी नोकरी लागली तर राज्यात बेसिक ३५,४००, एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्स भरतीची परीक्षा, निघाली तर ४४,९००, पण एम्समध्ये ८० टक्के जागा बायांना आणि २० टक्के पुरुषांना, म्हणजे ह्याला जास्त मार्क लागतील. आणि सरकारी नाही लागली तर आपल्या जिल्ह्यात प्रायव्हेट दवाखान्यात बारा-पंधरा हजारावर सुरुवात होते, खोटं बोलणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ ला समिती बसली होती, ५० बेडच्या आतल्या दवाखान्यानं पण नर्सला किमान २०,००० द्यावेत असं तिनं म्हणलंय, तो कागद कुठल्या कपाटात आहे देव जाणे. मग मामांकडं बघून म्हणली, आणि उपकेंद्रावर जे समुदाय आरोग्य अधिकारी असतात ना, २५,००० पगार आणि वर कामावर १५,००० पर्यंत, तिथं बीएएमएसवाला पण बसतो आणि बीएस्सी नर्सिंगवाला पण, खुर्ची एकच. मामा म्हणले, पण पाटीवर डॉक्टर. आत्या म्हणली, पाटी खायची का.

पप्पांचा हिशोब वेगळा होता. त्यांनी बीएएमएसची आम्हाला सांगितलेली फी क्विंटलमध्ये मोजली. हमीभाव ४,८९२, पण मोंढ्यात सोयाबीन चार-सव्वाचार हजारानं चाललेलं, त्या भावानं वर्षाला ऐंशी क्विंटल. "आपलं रान चांगलं पिकलं तर पस्तीस देतं," एवढं बोलून ते उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. दुसरा ड्रॉप घे असं पण ते म्हणले होते, लातूरचे पैसे मी बघतो म्हणले होते. मीच नको म्हणलो. मला माहीत होतं फिजिक्स अजून एका वर्षानं पण तसंच असणार.

पुढचं सगळं कागदपत्रांचं, ते सगळ्यांना माहीत आहे. सेतूत नॉन-क्रिमीलेअर, एका वर्षाचं गॅप म्हणून तेव्हा शंभरच्या बाँडवर ॲफिडेविट, मेडिकल फिटनेस, सीईटी सेलच्या साईटवर प्रेफरन्स. एकच सांगतो, प्रेफरन्स भरताना कॉलेजला स्वतःचा किंवा जोडलेला मोठा दवाखाना आहे का ते बघा, बिल्डिंग बघू नका. माझ्या ओळखीचा एकजण चकाचक बिल्डिंग बघून गेला, त्यांना पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकलसाठी, दोन तास बसनं जावं लागतं आणि तिथं पण वीस पेशंटमागं चाळीस विद्यार्थी. मला दुसऱ्या राउंडला प्रायव्हेट कॉलेज मिळालं, वर्षाला पंच्याऐंशी हजार, अर्धी महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या साईटवरून, येती, येती म्हणजे कधीतरी येती.

आणि हे पण विचारतात लई जण, नर्सिंग करून पुढं डॉक्टर होता येतं का. एमबीबीएसला आडवाटेनं जाता येत नाही, परत नीटच द्यावी लागती आणि पहिल्या वर्षापासूनच. पुढं एमएस्सी आहे, क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे, पण तो त्या वाटेचा नाही, ती वेगळी वाट आहे. एमबीबीएसची पायरी म्हणून नर्सिंगला येऊ नका, आमच्या वर्गात तसे तिघं होते, दोघं पहिल्याच सेमिस्टरला गेले.

पहिले दोन महिने लई वाईट गेले. आमच्या वर्गात साठात आम्ही अकरा पोरं. बेड मेकिंग शिकवतात आधी, चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, एक सुरकुती दिसली की मॅडम अख्खी चादर ओढून काढायच्या. घरी मी स्वतःची वाकळ कधी घडी केली नव्हती. पहिलं बेडपॅन दिलं त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि गावाकडं विचारलं की आई सांगायची, मेडिकलला आहे. खोटं पण नाही आणि खरं पण नाही. पेशंट तर कोणीपण पुरुष पांढऱ्या कपड्यात दिसला की डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला मी दुरुस्त करायचो नाही, ऐकून घ्यायचो, बरं वाटायचं. एकदा एका म्हातारीनं "डॉक्टरसाहेब" म्हणून दहा मिनिटं सगळं दुखणं सांगितलं आणि शेवटी विचारलं मग गोळी कोणती लिहून देता, तेव्हापासून आधीच सांगतो, मावशी मी नर्स आहे.

माझा लातूरचा रूम पार्टनर, तो रोटेशनलवाला, त्याला शासकीय मिळालं. त्याचं कॉलेज दुसऱ्या गावाला. तिसऱ्या सेमिस्टरला आमची ॲडल्ट हेल्थची पोस्टिंग त्यांच्या दवाखान्यात लागली. मला माहीत होतं तो तिथं आहे, तरी सकाळी राउंडला दहा-बारा एमबीबीएसची पोरं ॲप्रन घालून, स्टेथो गळ्यात टाकून आत आली आणि त्यात तो दिसला तेव्हा मी काय केलं असंल? ट्रीटमेंट रूममध्ये जाऊन ट्रे लावत बसलो. कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायच्या नळ्या, रंगानुसार लावल्या, हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४, परत काढल्या, परत लावल्या. पंधरा मिनिटं. ते गेल्यावर बाहेर आलो तर सात नंबरच्या आजोबांचं सलाईन संपत आलेलं आणि त्यांची मुलगी मला शोधत फिरत होती. स्वतःची लाज वाटली, पण कशाची वाटली हे अजून नीट सांगता येत नाही.

त्यानंच संध्याकाळी फोन केला, हॉस्टेलच्या खाली ये. चहा प्यायलो, मेसवाल्या काकांची आठवण काढली, फिजिक्सच्या सरांची नक्कल केली. तो कंटाळला होता, म्हणला नुसती पाठांतरं चालू आहेत, पेशंटला हात लावायला अजून मिळत नाही, तुझं बरं आहे. मी म्हणलं अदलाबदल करतो का. दोघं हसलो, आणि त्यातलं माझं हसू पूर्ण खरं नव्हतं हे त्याला पण कळलं असंल.

एक अजून कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, मी फर्स्ट इयरला असताना, नीटचा फॉर्म सुटला आणि मी तो भरायला बसलो. परत रात्री, परत ब्राइटनेस कमी करून, फक्त ह्या वेळी नीटचा. फोटो अपलोड, सही अपलोड, अंगठा अपलोड, पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो. ओटीपी येईना, हॉस्टेलला रेंजच नसती. मोबाईल घेऊन गॅलरीत गेलो, तिथं ओटीपी आला, परत येईपर्यंत साईटनं लॉगआउट केलं. म्हणलं सकाळी करू. सकाळी सात पन्नासला वॉर्डात हजर व्हायचं होतं, आठचा हँडओव्हर, आदल्या दिवशी मी ज्या बाईंची पाठ ड्रेसिंग करून ठेवली होती ती जखम बघायची होती. मग इव्हिनिंगला केस स्टडी लिहायची होती. शेवटची तारीख कधी गेली ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही, कळली होती, त्या दिवशी मोबाईल हातात घेतला होता आणि खाली ठेवला.

पुढच्या वर्षीचा फॉर्म सुटल्याचं मात्र मला गावाकडच्या चुलत भावाच्या फोनवरून कळलं. त्याला फोटोची साईज किती केबी ठेवायची ते विचारायचं होतं. सांगितलं, आणि म्हणलं नर्सिंगच्या सीईटीचा पण भरून ठेव. तर त्यानं फोनच ठेवला.